चोर सोडून संन्याशास सुळीं

आपल्या वार्षिकांत शिक्षकांनीं लिहावयाचें म्हणजे मुलांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगावयाच्या, असा एक प्रघातच पडून गेला आहे. यंदा तो प्रघात थोडा बाजूस ठेवून आम्हीं स्वतःच्या एका चुकीची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. ही चूक शाळेच्या बागेंत, गेल्या वर्षीं मार्च महिन्यांत, पुष्कळ मुलांच्या देखत घडली. तेव्हां तिची कबुलीही मुलांच्या व त्यांच्या पालकांच्या देखत व्हावी, हेंच योग्य. ज्या गृहस्थांवर आमच्या हातून अन्याय झाला, त्यांना विचारूनच हा लेख लिहीत आहों.

काशीमीरा ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना येथील धुळीचें वर्णन निराळें सांगावयास नको. पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याशीं आदिवासी बांधवांचे पाडे. पश्चिमेस मीरा-भाईंदर शहराची वाढती वस्ती. आणि या दोहोंच्या मधून मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग. घोडबंदरचा रस्ताही त्याला जवळच येऊन मिळतो. मालमोटारी रात्रंदिवस धांवत असतात. आणि पावसाळा सरून चार महिने झाले, कीं रस्त्याकडेच्या झाडांचीं पानें मुळांत हिरवीं होतीं, हें आठवून पाहावें लागतें. आमच्या शाळेची बाग कुंपणाच्या भिंतीला लागूनच आहे. भेंडीचे चार वाफे, मिरचीचे दोन, भिंतीजवळ तुरीची एक ओळ, दाराशीं गुलाबाच्या कुंड्या, तीन माड आणि समोर हरळीची लहानशी हिरवळ, एवढाच तिचा पसारा. ती सांभाळण्याचें काम टेकडीच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून रोज पायीं येणाऱ्या एका वयस्क माळ्याकडे आहे. मुलें त्यांना 'मामा' म्हणतात. आम्हीही मामाच म्हणतों.

मार्चच्या पहिल्या आठवड्यांत भेंडीच्या पानांवर सुईच्या टोंकानें टोंचल्यासारखे बारीक फिकट ठिपके दिसूं लागले. आठवडाभरांत ते एकमेकांत मिसळले. पानें पिवळसर, मग तांबूस झालीं, त्यांच्या कडा वाळल्या आणि खालचीं पानें गळूं लागलीं. गुलाबाचीही तीच गत झाली. हिरवळीवर दोन ठिकाणीं पिवळे चट्टे पडले. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. आम्ही बागेंत दिवसांतून एकदां, तेंही उभ्या उभ्या, डोकावत होतों. वरून पाहिलें आणि निकाल देऊन टाकला कीं, झाडांना पाणी मिळत नाहीं.

त्याच दिवशीं नववीच्या मुलांसमोर आम्हीं विचारलें, "मामा, पाणी घालतां, कीं नुसती नळी फिरवून घरीं जातां?"

मामांनीं हातांतलें खुरपें खालीं ठेवलें. "मास्तर, पाणी रोज घालतों. माती हातांत घेऊन बघा, ओली आहे. झाडाला कांहीं तरी लागलें आहे. पण काय तें माझ्या डोळ्यांना दिसत नाहीं."

माती हातांत घेऊन पाहावयास अर्धें मिनिट लागलें असतें. तें अर्धें मिनिट आम्हीं दिलें नाहीं. उलट त्या संध्याकाळीं मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक चिठ्ठी नेऊन ठेवली. माळ्याचें कामाकडे लक्ष नाहीं, तरी पुढील वर्षाच्या नेमणुकीपूर्वीं विचार व्हावा, असा तिचा मजकूर होता. मामांची नेमणूक एकेका वर्षाची असते. त्या चार ओळींवर एका घराची चूल अवलंबून आहे, हें लिहितांना आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

तरीही 'कांहीं तरी लागलें आहे' हे मामांचे शब्द मनांत घोळत राहिले. म्हणून आम्हीं बाजारांतून एक जोरदार कीटकनाशक आणविलें आणि सुटीच्या दिवशीं स्वतःच फवारलें. दोन दिवसांत पानांवरचा मावा गेला; त्याबरोबर ढालकिडे गेले, कुंपणावरचीं फुलपांखरेंही दिसेनाशीं झालीं; आणि आम्हांस मोठें समाधान वाटलें. दहा-बारा दिवसांनीं पाहतों, तों भेंडीचे वाफे पूर्वीपेक्षां वाईट! पानांच्या खालीं धुक्यासारखें बारीक जाळें पसरलेलें, आणि शेंड्यांची कोंवळीं पानेंही त्याच जाळ्यांत गुरफटलेलीं.

अशा स्थितींत आठवीची एक मुलगी पेपर लवकर संपवून बागेंत बसली होती. तिनें भेंडीचें एक पान आपल्या कोऱ्या कागदावर सहज झटकलें, आणि ती तो कागद दोन्ही हातांनीं तोलून धरीत आमच्याकडे आली.

"सर, ही धूळ चालते आहे!"

आम्ही प्रथम हंसलों. मग कागद पाहिला. पांढऱ्या कागदावर मिठाच्या कणाहून लहान असे पिवळसर-तांबूस ठिपके पडले होते. त्यांतले बरेच निश्चल होते, ती खरोखरच महामार्गाची धूळ होती. पण दहा-पंधरा ठिपके हळूहळू सरकत होते. आम्ही तडक प्रयोगशाळेंत गेलों आणि त्यांतला एक कण सूक्ष्मदर्शकाखालीं धरला. त्याला पाय होते. मुलीनें ते मोजले, आम्हीं मोजले. ते सहा नव्हते, आठ होते.

कीटकाला सहा पाय असतात, हें पांचवीच्या मुलालाही ठाऊक असतें. आठ पायांचा प्राणी कीटक नव्हे. तो कोळी, गोचीड, विंचू यांच्या कुळांतला. या सूक्ष्म जिवांना आपले शेतकरी 'कोळी' किंवा 'लाल कोळी' म्हणतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जातीची पूर्ण वाढलेली मादी सुमारें अर्धा मिलिमीटर लांब असते. कधीं तांबडी, तर कधीं पिवळट हिरवी आणि अंगावर दोन काळसर डाग असलेली. कोख या जर्मन शास्त्रज्ञानें १८३६ सालीं तिचें वर्णन करून तिला 'टेट्रॅनिकस अर्टिसी' असें नांव दिलें. हजारांहून अधिक जातींच्या वनस्पतींवर तिची नोंद झालेली आहे. आपल्या महाराष्ट्रांत परसांतल्या भेंडी-वांग्यापासून मावळांतील हरितगृहांच्या गुलाबांपर्यंत ती सर्वत्र उपद्रव देते. ती पानाच्या खालच्या अंगास राहते आणि सुईसारख्या तोंडानें एकेक पेशी टोंचून आंतला रस शोषून घेते. पानाच्या वरच्या अंगास दिसतात ते फिकट ठिपके म्हणजे या रिकाम्या झालेल्या पेशी होत. तिचीं अंडीं गोल, मोत्यासारखीं असतात. त्यांतून निघणाऱ्या पिल्लाला प्रथम सहाच पाय असतात, कात टाकल्यावर ते आठ होतात. कडक उन्हाळ्यांत अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, आणि एक मादी आपल्या अल्प आयुष्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालूं शकते. आमच्या वाफ्यांची दहा-बारा दिवसांत एवढी दुर्दशा कशी झाली, हें आतां निराळें सांगावयास नको.

पण त्या दुर्दशेंत आमचाही वाटा होता. कोरड्या हवेंत, धुळीनें माखलेल्या पानांवर हे कोळी विशेष फोफावतात, आणि धुळीची आमच्याकडे वाण नाहीं. त्यांत आम्हीं फवारणीची भर घातली. कोळी हा कीटक नसल्यामुळें पुष्कळशा कीटकनाशकांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाहीं. मरतात ते त्याला खाणारे. मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक काळा ढालकिडा जवळजवळ कोळ्यांवरच जगतो. याशिवाय कांहीं कोळी असे आहेत, कीं ते पानाला मुळींच तोंड लावीत नाहींत. या पानखाऊ कोळ्यांनाच धरून खातात. आम्हीं औषध मारून पहारेकऱ्यांना घालविलें आणि चोरांना घर मोकळें करून दिलें. असा प्रकार जगांत पूर्वीं मोठ्या प्रमाणावरही घडलेला आहे. डी. डी. टी. मध्यें कीटक मारण्याची शक्ति आहे, हें स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनीं १९३९ सालीं दाखविलें आणि १९४८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर फळबागांमधून तें औषध सर्रास फवारलें जाऊं लागतांच, तोंपर्यंत किरकोळ समजला जाणारा कोळी अनेक ठिकाणीं मोठा शत्रू होऊन बसला. कारण त्याचे भक्षक मेले आणि तो उरला.

हें सर्व आम्हांस पुस्तकांतून अगोदरच ठाऊक होतें, ही यांतली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट.

त्या दुपारीं आम्ही प्रथम मुख्याध्यापकांच्या खोलींत गेलों आणि आमची चिठ्ठी परत मागितली. त्यांनीं ती खणांतून काढून आमच्या हातीं दिली व अद्याप आपण ती पाहिली नाहीं असें सांगितलें. खरोखरच पाहिली होती कीं नव्हती, हें आम्हीं विचारलें नाहीं. चिठ्ठी फाडून आम्ही बागेंत आलों. नववीचीं मुलें परीक्षेहून बाहेर पडत होतीं, त्यांना थांबविलें. ज्या जागीं मामांना बोललों होतों, त्याच जागीं उभे राहून म्हणालों, "मामा, चूक तुमची नव्हती, आमची होती. तुम्ही पाणी घालीत होतां. झाडाला लागलें होतें तें हें." आणि कागद व भिंग त्यांच्यापुढें धरलें.

मामांनीं भिंगांतून बराच वेळ पाहिलें. मग ते म्हणाले, "मास्तर, एवढासा जीव. मला दिसला नाहीं त्यांत नवल नाहीं. पण तुमच्याकडे तर हें भिंग होतें."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

त्यानंतरचे चार दिवस मामा, ती मुलगी, नववीचीं सहा-सात मुलें आणि आम्ही, असा सर्व बागेचा पंचनामा चालला. मामांना खुणा ठाऊक होत्या, आम्हांस नांवें ठाऊक होतीं. दोहोंची सांगड घातली तेव्हां पुष्कळ उलगडा झाला.

मिरचीचे शेंडे पाहून मामा म्हणाले, "हा बोकड्या." कोणी यालाच चुरडा-मुरडा म्हणतात. पण एवढ्यानें भागत नाहीं, कारण मिरचीचीं पानें दोन वेगळ्या चोरांमुळें आंखडतात. पानाच्या कडा वरच्या बाजूस वळून पान द्रोणासारखें झालें, तर तें बहुधा फुलकिड्यांचें काम. कडा खालच्या बाजूस वळून पान उलट्या होडीसारखें दिसलें आणि देंठ लांबला, तर तें पिवळ्या कोळ्याचें काम. हा कोळी लाल कोळ्याच्या निम्म्याहूनही लहान, जवळजवळ पारदर्शक असतो, आणि जाळें विणीत नाहीं. म्हणून त्याला शोधण्यापेक्षां पानाची वळण पाहणें सोपें. आमच्या दोन वाफ्यांपैकीं एकांत होड्या होत्या, दुसऱ्यांत द्रोण. आम्हीं आजवर दोन्हींना एकच रोग समजत आलों होतों.

माडाखालीं गळून पडलेलीं लहान फळें उचलून पाहिलीं. देंठाजवळच्या टोपीखालून निघालेला फिकट त्रिकोणी पट्टा, त्याच्या पुढें तपकिरी, भेगाळलेली, खडबडीत साल. ही खूण नारळावरील कोळ्याची. हा इतका सूक्ष्म, कीं त्याची लांबी मिलिमीटरचा पांचवा भाग. आकार अळीसारखा आणि पाय फक्त चार. टोपीच्या आंत दडून तो कोंवळ्या सालीचा रस शोषतो. फळ मोठें होऊं लागलें, कीं ती जखम ताणली जाऊन फाटते. केफर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६५ सालीं मेक्सिकोंतील गेरेरो प्रांतांतून आलेल्या नमुन्यांवरून याचें वर्णन केलें. भारतांत त्याची नोंद १९९८ सालीं केरळांतील एर्नाकुलम् जिल्ह्यांत झाली, आणि पुढें तो कोंकण किनाऱ्यावरही येऊन पोंचला. पालकांनीं बाजारांतून सालीसह नारळ आणला, तर त्याच्या देंठाजवळ एकदां अवश्य पाहावें.

तुरीच्या ओळींतलीं इतर झाडें वाळून शेंगा निघाल्या होत्या. दोन झाडें मात्र हिरवीं, झुडपासारखीं दाट, पानांवर फिकट-गडद नक्षी, आणि शेंग एकही नाहीं. "हा वांझ रोग," मामा म्हणाले. या रोगाचें वर्णन बिहारांतील पुसा येथून १९३१ सालीं झालें. तो एका अतिसूक्ष्म कोळ्यामार्फत झाडाझाडांवर पसरतो, हें १९६० नंतरच्या दशकांत कळलें. परंतु कोळी ज्या विषाणूला वाहून नेतो, तो विषाणू हाताशीं लागण्यास पहिल्या नोंदीपासून सुमारें सत्तर वर्षें जावीं लागलीं. एवढ्या विद्वानांना एवढा काळ थांबून शोधावें लागलें, आणि आम्हीं उभ्या उभ्या निकाल दिला होता!

शेवटीं हिरवळ राहिली. आतां मुलांना जिकडे तिकडे कोळी दिसूं लागले होते. हिरवळीचे चट्टेही त्यांचेच, असें सर्वांचें मत पडलें. हरळीलाही कोळी लागतो, हें खरें. अमेरिकेंतील उष्ण भागांत तो हिरवळींचा ओळखीचा शत्रू आहे. त्याच्यामुळें हरळीचीं पेरें आंखूड होतात आणि पानें एका ठिकाणीं गोळा होऊन केरसुणीसारखे झुबके दिसतात. आम्हीं चट्ट्यांच्या कडेची हरळी उपटून भिंगाखालीं पाहिली, कागदावर झटकली. झुबके नाहींत, पेरें नीट, कागदावर निव्वळ धूळ. मग मामांनीं त्या जागीं खुरपें मारलें; तें टणत्कार करून उसळलें. जमीन दगडासारखी घट्ट झाली होती. हिरवळीवरून नळाकडे जाण्याची आडवाट नेमकी त्या दोन चट्ट्यांवरून जात होती, आणि त्या वाटेनें रोज जाणाऱ्यांत आमचा नंबर पहिला होता. कागदानें जसा चोर दाखविला, तसा येथें चोर नाहीं हेंही दाखविलें. दोन्ही उत्तरें सारख्याच मोलाचीं.

उपाय मोठा खर्चाचा नव्हता. फार बिघडलेलीं पानें काढून दूर नेलीं. मामांनीं रोज सकाळीं नळीच्या तोंडावर बोट धरून पानांच्या खालच्या अंगास जोराची धार मारण्यास आरंभ केला. त्यानें धूळ गेली, जाळीं तुटलीं, कोळी धुवून गेले. दर आठवड्यास निंबोळीचें औषध एकदां पानांखालीं मारलें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर पाण्यांत मिसळणारें गंधक वापरतात. पण तें भर उन्हांत मारल्यास पानें करपतात, आणि कोणतेंही औषध डब्यावरील सूचना वाचून मोठ्या माणसांनींच हाताळावें. आम्हांस गंधकाची गरज पडली नाहीं. एप्रिलच्या मध्यास भेंडीला नवे हिरवे शेंडे फुटले. दोन वाफे मात्र वांचले नाहींत. हिरवळीवरची आडवाट बांबू घालून बंद केली आहे; पालकांनीं शाळेंत येतांना कृपा करून वळसा घ्यावा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या गॅलरींतल्या तुळशी-गुलाबाचीं पानें पिवळीं पडलीं, तर पाणी घालणाऱ्या आईवर किंवा बहिणीवर लगेच रागावूं नका. बोटानें माती चांचपा. पान उलटें करून पाहा. त्याच्याखालीं पांढरा कागद धरून तें दोनदां झटका आणि शांतपणें शंभर आंकडे मोजा. धूळ चालूं लागली, तर चोर सांपडला. संथ चालणारे ठिपके बहुधा पानखाऊ. चपळाईनें पळणारा फिकट ठिपका दिसला, तर तो त्यांना खाणारा आपला मित्र असण्याचा संभव आहे, त्याला जाऊं द्या. कागद कोरा राहिला, तर दुसरीकडे शोधा.

मामांची नेमणूक पुढें चालू झाली, हें सांगावयास नकोच. जूनमध्यें पहिला पाऊस पडून गेल्यावर ते एके सकाळीं तळहातावर कांहीं घेऊन वर्गाच्या दाराशीं आले. लाल मखमलीचा जणूं एक मणी, हळूहळू चालणारा, मृगाचा किडा.

"मास्तर," ते म्हणाले, "आम्ही लहानपणापासून याला किडा म्हणत आलों. आज भिंग नसतांनाही मोजले. याचे पाय आठ आहेत. हाही त्यांच्यांतलाच ना?"

त्यांच्यांतलाच, पण चोर नव्हे. मोठेपणीं हा जमिनींतल्या बारीक किड्यांवर आणि त्यांच्या अंड्यांवर उपजीविका करतो, झाडाला कसलाही त्रास देत नाहीं. आम्हीं तसें सांगितलें. मामांनीं मान डोलाविली आणि त्याला परत ओल्या मातींत नेऊन सोडलें. वर्गांतलीं मुलें त्यांच्या मागोमाग बाहेर गेलीं, आणि त्या तासाला फळ्यावर आम्हीं कांहींच लिहिलें नाहीं.